सुकेळ्यावरची तारीख

आधी सुकेळं म्हणजे काय ते सांगते, कारण माझ्या विहीणबाईंनाही सांगावं लागलं होतं, आणि त्यांनी ते दोन बोटांत लांब धरून "हे असंच खायचं?" असं विचारलं होतं. राजेळी केळ्यांचा घड भरला की उतरवायचा, पिकवायचा, केळी सोलायची आणि बांबूच्या मांडवावर उन्हात घालायची. संध्याकाळी सगळी उचलून केळीच्या सुक्या पानांत गुंडाळायची, सकाळी पुन्हा उन्हात. असं करता करता केळं आटतं, तांबूस होतं, आतून मऊ राहतं. साखर नाही, मीठ नाही, औषध नाही. वसईत पापडी गावाच्या मागे आमची वाडी आहे, तिथे लग्न होऊन आले तेव्हापासून मी हे करते. सासूने शिकवलं. एखाद्या संध्याकाळी केळी उचलायला उशीर झाला आणि त्यांच्यावर दंव पडलं, तर ती माझ्याशी बोलायचीच नाही. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

सुकेळं किती दिवस टिकतं, असं आमच्याकडे कोणी कधी विचारलं नाही. खाऊन संपेपर्यंत टिकतं. बिघडलंच तर चिकट होतं, आंबूस वास येतो, आंधळ्यालाही कळेल. शेजारची ख्रिस्ती बाई नाताळच्या ताटात माझी सुकेळी ठेवते, उरलेली पुढे ईस्टरआधीच्या लेंटच्या उपासात खाते. तिने कधी पुडी उलटीपालटी करून बघितली नाही.

माझ्या मुलीचं सासर वसई पूर्वेला, सातव्या मजल्यावर. विहीणबाई मुंबईत नोकरी करून निवृत्त झालेल्या, अतिशय टापटिपीच्या. मी त्यांना वाईट म्हणणार नाही. पण त्या बाईला तारखेचं वेडच आहे. दुकानात गेल्या की पाकीट उचलायच्या आधी उलटं करतात. फ्रीजमध्ये ज्याची तारीख जवळ ते पुढे, लांबची ते मागे. तारीख उलटली की वस्तू गेलीच, मग ती वस्तू कशीही असो. एकदा माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी मिठाचं पाकीट फेकलं. मीठ हो! आमच्याकडे मिठागरात ढीगच्या ढीग लागलेले असायचे, त्याला कोणी कधी विचारलं नाही तू कधीचं म्हणून. मी म्हटलं, "विहीणबाई, मिठाला काय होणार आहे?" त्या हसल्या. "तसं नाही हो, कंपनीने लिहिलंय म्हणजे काहीतरी विचार करूनच लिहिलं असेल ना?"

कंपनीने विचार केला आणि आपण सुटलो.

माझी मुलगीही हळूहळू तसंच करायला लागली. आमच्या मांडवाखाली लहानाची मोठी झालेली पोर, उन्हातलं अर्धं कच्चं सुकेळं पळवून खाणारी, ती आता माझ्याकडच्या लोणच्याच्या बरणीला "हे कधीचं गं?" असं विचारायची. मी सोडून द्यायचे. ज्या घरात राहायचं तिथली रीत उचलावी लागते, मीही उचलली होती. माझं सगळं लक्ष एकाच गोष्टीवर होतं. ती म्हणजे माझी नात. दुसरीत आहे. शाळेला सुट्टी लागली की मे महिना ती माझ्याकडे काढते. नवरा गेल्यापासून घरात मी एकटीच. त्या मे महिन्याच्या जिवावर माझे बाकीचे महिने जातात. हे मी कोणाला बोलून दाखवलेलं नाही, इथेच पहिल्यांदा लिहिते आहे.

यंदा पाडव्याला मुलीने मला जेवायला बोलावलं. मी सुकेळ्यांची पुडी घेऊन गेले, केळीच्या पानात बांधलेली. उन्हाने नुसता कहर केला होता आणि आदल्या दिवसापासून वीज येत-जात होती. गुढी उभारून झाल्यावर मुलीने खालच्या दुकानातून नातीसाठी आम्रखंडाचा छोटा डबा आणला. आमच्यासाठी घरचं श्रीखंड होतं, पण नातीला तेच हवं असतं, डब्यावर कसलंसं कार्टून असतं म्हणून. डबा माझ्यासमोर ओट्यावर ठेवलेला. झाकण टम्म फुगलेलं.

मी म्हटलं, "अगं, हे फुगलंय बघ."

मुलीने डबा उलटा केला. "छे गं, अजून पुष्कळ दिवस आहेत."

"दिवसांचं नाही म्हणत मी, झाकणाचं म्हणतेय. वास तरी बघ."

तिने झाकण उचकटलं तसा फुस्स आवाज आला. तिने करंगळीने जरासं चाखलं. मी तिच्या तोंडाकडेच बघत होते. माझीच मुलगी आहे, तिला लहानपणी काढा पाजताना जे तोंड व्हायचं तेच झालं. एवढ्यात आतून विहीणबाईंचा आवाज आला, "आणलंस का गं आम्रखंड? तारीख बघितलीस ना?" आणि मुलगी म्हणाली, "हो, बघितली." डबा वाटीत रिकामा केला आणि वाटी नातीच्या ताटात ठेवली. मीही गप्प बसले. परक्या घरी सणाच्या दिवशी किती बोलणार?

नातीने आम्रखंड चाटूनपुसून खाल्लं. दुपारी माझ्याकडे येऊन अर्धं सुकेळं खाल्लं. उरलेलं अर्धं जावयांनी खाल्लं, मीही एक खाल्लं.

दिवेलागणीला पोरीला उलट्या सुरू झाल्या. मग पोट. पोर बघता बघता एवढीशी झाली. जावयांनी तिला उचलून खाली नेलं, आम्ही तिघी मागोमाग. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात सलाईन लावलं. सुई टोचताना ती "आजी" म्हणून ओरडली, आई म्हणून नाही.

डॉक्टरांनी विचारलं, "काय खाल्लं होतं?"

मुलीने सांगितलं, पुरी, भाजी, श्रीखंड, आम्रखंड. मग जरा थांबून म्हणाली, "आणि सुकेळं."

"ते काय असतं?"

"केळं वाळवलेलं. घरी केलेलं, गावचं."

झालं! विहीणबाईंना तेवढंच पुरलं. "मी म्हणतच होते! त्यावर ना तारीख, ना कोणाचं नाव. उन्हात उघड्यावर वाळवतात, त्यावर काय काय बसत असेल." डॉक्टरांनी मान हलवली आणि म्हणाले, "लहान मुलांना असं घरगुती, उघड्यावरचं देऊ नका."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "डॉक्टर, सुकेळं मीही खाल्लं, ह्यांच्या मुलानेही खाल्लं, आम्ही दोघं ठणठणीत उभे आहोत. आम्रखंड एकट्या पोरीने खाल्लं. त्याचं झाकण फुगलेलं होतं."

विहीणबाई म्हणाल्या, "त्याची तारीख होती. सुनबाईंनी बघितली."

डॉक्टर मुलीकडे वळले. मीही वळले. मला वाटलं, आता ही बोलेल. चाखलं होतं, आंबट लागलं होतं, एवढंच तर सांगायचं. माझी मुलगी सलाईनच्या बाटलीकडे बघत म्हणाली, "हो, डेट ओके होती."

चाखल्याचं नावही काढलं नाही.

रात्री मी तिथेच राहिले. झोप कसली लागते! उजाडता उजाडता दूध आणायला खाली उतरले, तर दुकानदार नुकताच शटर वर करत होता. आत गेला, दिवा लावला आणि खाली वाकून फ्रीजची पिन भिंतीत खोचली. मी तिथेच उभी. म्हटलं, "भाऊ, रात्री बंद ठेवता वाटतं?"

"बिल किती येतं काकी, तुम्हाला काय सांगू! रात्री कोण घेणार आहे? आणि हल्ली लाइट तरी कुठे असते?" तो अगदी सरळ बोलला. त्याच्या मनात काही काळंबेरं नव्हतं, म्हणून मला त्याचा जास्तच राग आला. काचेच्या आत आम्रखंडाचे डबे एकावर एक रचलेले, सगळ्यांच्या तारखा बिनचूक.

माझा नवरा वालीवला एका कारखान्यात खोकी भरायच्या कामावर होता. तो सांगायचा, सातिवलीच्या गोदामांबाहेर थंड मालाच्या गाड्या भर दुपारी रांगेत उभ्या असायच्या, आणि डिझेल वाचवायला ड्रायव्हर इंजिन बंद करून सावलीत झोपायचा. माल आतल्या आत घामेजायचा. तारीख मात्र कारखान्यातून निघतानाच छापलेली, ती काही घामाने पुसली जात नाही. डब्यावर तारखेच्या खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की थंड जागी ठेवा. तेवढं पाळलं तर तारीख खरी. पण ते पाळलं की नाही, हे डबा कसा सांगणार? ते झाकण सांगतं, वास सांगतो, जीभ सांगते. त्यांचं ऐकायला आता कोणाला वेळ नाही.

मी वर जाऊन सगळं सांगितलं. पिन, बिल, लाइट. विहीणबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "असेल. पण तारीख तर होती ना?"

मी पिशवी उचलली आणि पापडीला आले.

नात बरी झाली. शाळेच्या परीक्षा झाल्या. एप्रिल संपत आला तरी मुलीचा फोन नाही. दर वर्षी ती आधीच विचारते, आई कधी आणून सोडू म्हणून. शेवटी मीच फोन केला. म्हणाली, "आई, यंदा राहू दे. अहो आई नको म्हणतायत. तिकडचं पाणी, तिकडचं खाणं… परत काही झालं तर? इथेच समर कॅम्पला घालू म्हणतो."

तिकडचं पाणी! ज्या विहिरीचं पाणी पिऊन ही बाई पाच फूट चार इंच वाढली, ते तिकडचं पाणी. मी फोन ठेवून दिला. मग त्या दिवशी मांडवावरची केळी फिरवायलाही गेले नाही. खूप रडले. रागाने रडले असं म्हटलं तर बरं दिसेल, पण खरं तर घाबरून रडले. एक मे महिना चुकला की पुढचा चुकायला वेळ लागत नाही. मुलं मोठी होतात, त्यांना इकडची सवय राहत नाही, मग कोण येतंय!

दोन-चार दिवसांनी मुलगी एकटीच आली. आली ती सरळ मागच्या पडवीत बसली. मी चहा ठेवला आणि आडपडदा न ठेवता विचारलं, "तू चाखलं होतंस ना?"

ती खाली पडलेलं केळीचं सुकं पान चुरत बसली.

"मी तुझं तोंड बघितलंय. आंबट होतं ना?"

"हो."

"मग?"

"मग काय आई? डॉक्टरांसमोर, त्यांच्यासमोर काय सांगू? की मला कळलं होतं आणि तरी मी माझ्या हाताने तिला दिलं? मला वाटलं आंबाच आंबट असेल. तारीख बघितली म्हणून वाटलं, आपल्यालाच काहीतरी लागतंय. आयुष्यभर ऐकवलं असतं मला त्यांनी. तुझं काय, तू माझी आई आहेस. तू समजून घेशील."

म्हणजे माझ्यावर ढकललं ते ह्याच भरवशावर. आईवर काहीही टाकलं तरी चालतं, आई कुठे जातेय! मला तिच्या दोन थोबाडीत द्याव्याशा वाटल्या आणि त्याच वेळी तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळंही दिसत होती. चहा उतू गेला. मी ओटा पुसत राहिले.

जाताना दारात म्हणाली, "आई, निदान त्यावर एखादी तारीख असती ना, तर मी काहीतरी बोलू शकले असते."

ती गेल्यावर मी बराच वेळ तेच घोळवत राहिले. मग उठले, साडी बदलली आणि बाजारातल्या झेरॉक्सवाल्याकडे गेले. तो लग्नपत्रिकाही करतो, लेबलंही करतो. म्हटलं, "मला सुकेळ्यासाठी चिकटवायचं लेबल करून दे."

"नाव काय टाकू काकी?"

"नुसतं सुकेळी टाक."

"आणि एक्सपायरी?"

"ती कशी ठरवतात?"

तो माझ्याकडे बघून हसला. "मला काय माहीत? गेल्या महिन्यात एका पापडवालीचं केलं, तिला तीन महिने टाकलेत. तुम्हालाही तेच टाकू का? फाइल तयार आहे."

"टाक," मी म्हटलं. असं माझ्या सुकेळ्याचं आयुष्य पापडाच्या फाइलवरून ठरलं. वर त्याने स्वतःच्या मनाने एक हिरवा ठिपका आणि केळीच्या पानाचं चित्रही टाकून दिलं, म्हणाला, असलं की बरं दिसतं.

घरी येऊन पुड्या सोडल्या. पाडव्याला नेलेली सुकेळी ज्या लॉटची होती, त्याच लॉटची. तीच केळी, तेच ऊन, माझेच हात. केळीची पानं काढून टाकली आणि सुकेळी प्लास्टिकच्या डब्यांत भरली, खरं तर प्लास्टिकमध्ये ती कोंदटतात. वरून लेबल चिकटवलं. असा राग येत होता की काय सांगू. सासू असती तर तिने ते डबे माझ्या डोक्यात घातले असते.

एक डबा घेऊन मी स्वतः वसई पूर्वेला गेले. विहीणबाईंनी डबा हातात घेतला, उलटा केला, तारीख वाचली. चेहरा असा काही उजळला! "अगं बाई, छान! आता कसं व्यवस्थित झालं. टेस्टिंग वगैरे करून घेतलंत का हो?"

मी म्हटलं, "सगळं करून घेतलं."

मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला लॉट ओळखता येतो, रंगावरून कळतं. तिने माझ्याकडे बघितलं आणि पाणी आणायला आत गेली. विहीणबाईंनी तिथल्या तिथे एक सुकेळं खाल्लं, पहिल्यांदाच. "चविष्ट आहे हो," म्हणाल्या. डबा फ्रीजमध्ये गेला, तारखेप्रमाणे मागच्या रांगेत. चहा पिता पिता त्यांनीच विषय काढला. "मग पाठवू का हिला आठ-दहा दिवस? तुम्ही आता सगळं नीट करताय म्हटल्यावर…"

त्यासाठीच तर आले होते. मी हसून मान हलवली आणि आतल्या आत जळत राहिले.

नात आली. आठ-दहा दिवस म्हणता म्हणता पुरा पंधरवडा राहिली. मांडवावर केळी फिरवली, विहिरीत डोकावून मला ओरडायला लावलं, पायाला काटा भरवून घेतला. जे जे खायचं ते सगळं खाल्लं आणि तिला काही म्हणजे काही झालं नाही. एकच बदल होता. मी काही पुढे केलं की ती विचारायची, "आजी, हे कधीपर्यंत चांगलं आहे?" मी म्हणायचे, "तू खाऊन टाकेपर्यंत." ती हसायची, पण जरा थांबून मगच खायची. विहीणबाईंनी तिला वाचायला शिकवलं होतं, तारखा कशा वाचायच्या, महिना आधी की वर्ष आधी. शाळेत गणितात हुशार आहे.

मग जून आला, शाळा सुरू झाली. तिकडे माझा डबा म्हणे फार पुरवून पुरवून खाल्ला जात होता. पाहुणे आले की विहीणबाई लेबल दाखवून एकेक द्यायच्या. मला ऐकून बरंही वाटायचं आणि चीडही यायची.

ऑगस्ट लागला. परवा सकाळी मी पडवीत चहा घेत बसले होते. बशीत त्याच लॉटचं सुकेळं होतं, पानातलं, मऊसूत, वासाला चोख. मी ते उचललं, तोच फोन वाजला. नात होती, शाळेत जायच्या घाईत, तरी आवाजात नुसता उत्साह.

"आजी, ऐक ना! तुझं सुकेळं एक्सपायर झालं. मी सगळ्यांच्या आधी बघितलं. कालची डेट होती. अजून सहा होती, मी स्वतः टाकली. ओल्या कचऱ्यात, बारीक तुकडे करून, म्हणजे कोणी चुकून खाणार नाही. इकडची आजी म्हणाली शाबास. मम्मी पण म्हणाली."

"मम्मी काय म्हणाली?"

"म्हणाली, गुड गर्ल."

खोटी तारीख कोणी घातली, हे आता ह्या पोरीला कसं सांगू? आणि सांगितलं, तर पुढच्या मे महिन्याचं काय?

"आजी, तुझ्याकडे आहेत का अजून?"

"आहेत ना दोन-चार."

"अगं, मग खाऊ नकोस ना! आत्ताच्या आत्ता टाक. तुला उलट्या झाल्या तर तिकडे तुला डॉक्टरकडे कोण नेणार? तू एकटी असतेस." तिचा आवाज रडवेला झाला होता. "टाकशील ना? प्रॉमिस कर."

"टाकते गं बाय," मी म्हटलं, आणि हातातलं सुकेळं बशीत ठेवलं.